चढावर इंजिन टणटण वाजतं? शंभर ऑक्टेन भरण्याआधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो. तुमची तक्रार हीच आहे की दुसरी, ते इथेच ठरवून टाका.

सपाटीला मोटरसायकल गुमान चालते. चढ लागतो, मागे कोणी बसलेलं असतं, तुम्ही वरचा गिअर तसाच ठेवून मूठ पिळता आणि टाकीखालून बारीक, कोरडा, धातूचा आवाज यायला लागतो. बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात चार-पाच नाणी टाकून डबा हलवावा तसा. मूठ जरा सैल केली की आवाज गायब. एक गिअर खाली टाकला तरी गायब. सकाळी थंड इंजिनला येत नाही, सिंहगड रोडच्या गर्दीत अर्धा तास शिजून निघालं की येतो. एप्रिल-मेमध्ये जास्त, श्रावणात जवळजवळ नाहीच.

हे नॉकिंग. पुण्यात धायरीला माझं छोटं गॅरेज आहे, दोन रॅम्पचं. उन्हाळ्यात ही तक्रार घेऊन कोणी आलं नाही असा आठवडा जात नाही. हल्ली येणारा प्रत्येक जण एक वाक्य जोडूनच बोलतो, "दादा, शंभर ऑक्टेनवालं पेट्रोल भरू का?" त्याचं उत्तर पुढे आहे. आधी तुमचा आवाज खरंच तोच आहे का ते बघू, कारण निम्म्या गाड्यांत तो दुसराच निघतो.

गाडी जागेवर उभी आहे, आयडलिंगला टिकटिक येते आणि रेस दिली की ती भराभर होते, तर ते टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. इंजिनच्या एका बाजूने खळखळ येते, विशेषतः मूठ सोडताना, तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. ठरावीक वेगालाच झिणझिण होते आणि पुढे-मागे नाही, तर सायलेन्सरवरचा पत्रा नाहीतर एखादा सैल बोल्ट. बूट टेकवून दाबला की तो गप्प बसतो (बूटच, हात नाही, मी एकदा हात लावलाय). खड्ड्यात खडखडते ती मागची सैल चेन. मूठ पिळल्यावर आवाज न येता गाडी क्षणभर अडखळते आणि मग ओढते, तर तेही नॉकिंग नव्हे, त्याबद्दल पुढे इथेनॉलच्या भागात.

आणि एक आवाज वेगळा आहे. जड, खोल ठकठक, फूटरेस्टवर तळपायाला जाणवणारी, सपाटीलाही येणारी. ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं. तसं असेल तर पुढचं वाचू नका. गाडी बंद करा, टेम्पो बोलवा.

ऑक्टेनचा आकडा नेमका काय सांगतो

सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडते, आग तिथून सुरू होऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. हे सगळं शिस्तीत झालं तर आवाज नाही. पण आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं पेट्रोल-हवा मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर दाबाची लाट उठते आणि सिलिंडरच्या भिंतीवर, पिस्टनच्या डोक्यावर आदळते. ती टणटण म्हणजे त्या लाटेचा आवाज. अधूनमधून दोन सेकंद आला तर काही बिघडत नाही. रोज, तासन् तास येऊ दिला तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांच्या मधल्या पट्ट्या तुटतात, हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट जातं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे पिस्टन तर मी मधोमध भोक पडलेले बघितलेत.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोल असं आपोआप पेटायला किती विरोध करतं त्याचं माप. आयसो-ऑक्टेनला १००, हेप्टेनला ०, आणि त्यांच्या मिश्रणाशी तुलना करून बाकीच्यांचा आकडा ठरतो. ताकदीचं हे माप नव्हे. शंभर ऑक्टेनच्या लिटरमध्ये जास्त जोर भरलेला नसतो, ते फक्त जास्त दाब सोसतं.

मग महागड्या स्पोर्ट्स गाड्यांना त्याचा फायदा होतो तो कसा? त्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, जास्त असतं, आणि अनेकांत नॉक सेन्सर असतो. पेट्रोल चांगलं मिळालं की कॉम्प्युटर ठिणगी थोडी आधी टाकतो आणि त्यातून ताकद काढतो. तुमच्या-आमच्या शंभर, सव्वाशे, दीडशे सीसीच्या गाड्यांत हा सेन्सर बहुतेक नसतोच. ठिणगी कधी टाकायची ते कारखान्यातच ठरून आलेलं असतं. टाकीत कितीही भारी पेट्रोल घाला, गाडीला ते कळत नाही. दहाच्या आसपास कॉम्प्रेशन असलेली एअर-कूल्ड गाडी ९१ वर आरामात चालावी अशीच बनवलेली असते. साडेअकराच्या पुढचं कॉम्प्रेशन असलेल्या लिक्विड-कूल्ड गाड्यांची गोष्ट निराळी, त्यांच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाजवळ किमान ऑक्टेन लिहिलेलं असतं. ९५ लिहिलं असेल तर ९५ भरा, त्यात घासाघीस नको.

एक गोंधळ व्हिडिओंमुळे होतो. अमेरिकेत पंपावर ८७, ८९, ९१, ९३ असे आकडे दिसतात, पण त्यांची मोजायची पद्धत वेगळी. त्यांचं साधं ८७ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९१-९२, आणि त्यांचं प्रीमियम ९१ म्हणजे आपलं ९५-९६. त्यामुळे "तिकडे ९१ ला प्रीमियम म्हणतात आणि आपल्याकडे तेच साधं म्हणून मिळतं" यावर खूश व्हायचं कारण नाही, आणि उलटं वाचून घाबरायचंही नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचं मानक आलं. त्या मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ आणि प्रीमियमला ९५. पुढे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर असल्यामुळे मिसळल्यावर साध्याचाच आकडा ९५ पर्यंत जातो, असं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं. म्हणजे ९५ चा बोर्ड बघून लिटरमागे पाच-दहा रुपये जादा देताना तुम्ही मुख्यतः इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचे पैसे देताय. ती वाईट नसतात. फक्त चढावरच्या टणटणीवरचा तो उपाय नव्हे.

शंभर ऑक्टेन डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने पहिल्यांदा दहा शहरांत आणलं, त्यात पुणे होतं. साध्यापेक्षा लिटरमागे पन्नासेक रुपये जास्त. बारा लिटरच्या टाकीला सहाशे रुपये झाले. ते भरलं की टणटण खरंच कमी होते, आणि गोची तिथेच आहे. कळ मारली म्हणून दात बरा होत नाही.

आधी फुकटातलं: गिअर आणि हवा

ज्या गाड्या खरोखर नॉकिंगसाठी येतात त्यांत सगळ्यात जास्त वेळा दोष चालवणाऱ्याचा असतो. गिऱ्हाईकाला हे आवडत नाही, म्हणून मी त्याला मागे बसवून गाडी बोपदेव घाटात नेतो. कोंढव्याकडून चढताना तिसऱ्या गिअरला पस्तीस-चाळीसने गाडी शांत. मग मुद्दाम पाचवा टाकून त्याच वेगाला मूठ पिळतो. टणटण सुरू. परत तिसरा, बंद. परतीच्या रस्त्यावर बहुतेक जण बोलत नाहीत.

असं का होतं? कमी रेसवर पिस्टन सावकाश फिरतो. कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला आणि दाबात राहायला भरपूर वेळ मिळतो, त्यात तुम्ही मूठ पूर्ण उघडून सिलिंडर ठासून भरलेला. खालच्या गिअरला रेस वाढते, आग वेळेत पोचते. "खालच्या गिअरला पेट्रोल जास्त जातं" हे डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे माणसं वरच्या गिअरला इंजिन गुदमरवत चढतात आणि वाचवलेले पाच रुपये पिस्टनमधून फेडतात.

याच खेपेत टायरची हवा बघा, ब्रेक धरून बसलाय का बघा. मधल्या स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा, दोन-तीन फेरे सहज फिरायला हवं. चाक अडत असेल तर इंजिन सपाटीलाही चढ चढतंय.

आणि इंजिनच्या पंख्यांकडे बघा, म्हणजे सिलिंडरवरच्या त्या आडव्या पट्ट्या. पावसाळ्यात बसलेला चिखल उन्हाळ्यापर्यंत भट्टीत भाजल्यासारखा घट्ट होतो आणि हवा लागू देत नाही. जुना टूथब्रश आणि साधं पाणी, इंजिन थंड असताना. काही जण क्रॅश गार्डवर लाइटचे मोठे डबे, पिशव्या, भगवा रुमाल असं काय काय बांधून इंजिनचं तोंडच झाकतात. तेही काढा. लिक्विड-कूल्ड असेल तर कूलंटची पातळी थंड इंजिनला बाटलीवर बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते.

इंजिन ऑइलची पातळी याच वेळी. कमी असेल तर इंजिन तापतं. जास्त भरलेलं असेल किंवा रिंगा गेल्या असतील तर ऑइल वर जळणात शिरतं, आणि जळणात ऑइल मिसळलं की पेट्रोलचं ऑक्टेन प्रत्यक्षात उतरतं. हे फार कमी जणांना माहीत असतं. वर शंभर भरायचं आणि खालून ऑइल मिसळू द्यायचं, असा व्यवहार चालू असतो.

पेट्रोलचाच संशय

आवाज अचानक, एखाद्या दिवशी टाकी भरल्यापासून सुरू झाला असेल तर पेट्रोलवर संशय घ्या. हळूहळू महिन्या-दोन महिन्यांत वाढला असेल तर पेट्रोल बहुतेक निर्दोष आहे.

भेसळीत रॉकेल किंवा स्वस्त सॉल्व्हंट आलं की ऑक्टेन सरळ खाली येतं. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा तुम्हाला हक्क आहे. नोझलच्या तोंडाचा एक थेंब कागदावर टाकायचा. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं आणि ठळक डाग राहत नाही. घनताही मागता येते, ती त्या दिवशीच्या नोंदीशी जुळायला हवी, घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक नको. मागताना आवाज चढवायची गरज नसते, साधं विचारलं की देतात. फक्त मागे दहा गाड्या उभ्या असताना सकाळी नऊला मागू नका.

पावसाळ्यातला वेगळा प्रकार म्हणजे पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणाचं रबर गेलं असेल, गाडी उघड्यावर उभी असेल, तर पाणी ठरावीक प्रमाणापुढे गेल्यावर इथेनॉल-पाणी मिळून तळाला जातं आणि वर इथेनॉल नसलेलं, म्हणजे कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. गाडी तळातलं ओढते आणि सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन बंद पडते. पारदर्शक बाटलीत थोडं पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करायची, वर नवीन भरून "पातळ" करायचं नाही. हे काम घराबाहेर, गॅस आणि सिगारेटपासून लांब.

इथेनॉलबद्दल आणखी एक. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं भोक ठरलेलं असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच भोकातून आलेलं २० टक्केवालं मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. म्हणून मूठ पिळल्यावर क्षणभर अडखळणं, सकाळी चोक जास्त वेळ लागणं, हे होतं. मायलेजही थोडं उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट धरली होती. शंभर ऑक्टेन सहसा इथेनॉलशिवाय येतं, म्हणून ते भरणारे "अ‍ॅव्हरेज वाढलं" म्हणतात तेव्हा ते अगदीच खोटं बोलत नसतात. पण ती करामत इथेनॉल नसण्याची आहे, ऑक्टेनची नाही, आणि काही टक्के मायलेजसाठी दीडपट भाव देणं हा हिशोब मला तरी लागत नाही.

शंभर ऑक्टेनचा खरा उपयोग

इथपर्यंत आलात आणि आवाज अजून आहे, तर आता ते महागडं पेट्रोल भरा. एकदाच, तपासणी म्हणून.

गाडी रिझर्व्हला येऊ द्या. पाच लिटर शंभरवालं घ्या. जादा खर्च अडीचशे-तीनशे रुपये. दहा-पंधरा किलोमीटर चालवा म्हणजे कार्ब्युरेटरमधलं किंवा नळीतलं जुनं संपेल. मग तोच घाट, तोच गिअर, तोच वेग, मागे तेवढंच वजन, साधारण तीच वेळ. या सगळ्यातलं काही बदललं तर चाचणी फुकट. विशेषतः उंची. हवा विरळ झाली की सिलिंडर कमी भरतो आणि नॉकिंग आपोआप कमी होतं. पुणे साडेपाचशे मीटरवर, सिंहगड तेराशेवर. महाडकडून वरंधा घाट चढताना खाली कोकणच्या उकाड्यात वाजणारी गाडी वर आल्यावर गप्प होते आणि माणूस समजतो पंपाचा फरक पडला.

आवाज जसाच्या तसा राहिला, तर तो नॉकिंगचा नाहीच. टॅपेट, टायमिंग चेन, पत्रे, तिकडे वळा. आवाज पूर्ण गेला किंवा बराच कमी झाला, तर नॉकिंग नक्की. याचा अर्थ "माझ्या गाडीला शंभर लागतं" असा काढू नका. आधी हीच गाडी साध्यावर न वाजता चालत होती ना? मग मधल्या काळात काय बदललं ते शोधायचं.

प्लग काढा

प्लग पाना सीटखालच्या किटमध्ये असतो. गाडी पूर्ण थंड. काढायच्या आधी प्लगच्या खाचेतली माती फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. दोन-दोन, तीन-तीन प्लगवाल्या गाड्या आहेत, त्यांचे सगळे काढून ओळीत मांडा.

टोक फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं, म्हणजे ठीक. काळं, कोरडं, काजळीचं, म्हणजे पेट्रोल जास्त. काळं आणि तेलकट ओलं, म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरंफटक, चिनीमाती खडखडीत कोरडी, म्हणजे मिश्रण पातळ आणि इंजिन तापतंय. नॉकिंगच्या गाडीत मला बहुतेक हाच रंग दिसतो. आणि पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले, तर उजेडात धरून नीट बघा. चकचकीत ठिपके हे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं. गाडी तिथेच थांबवा, पुढचं काम मेकॅनिकचं.

प्लगवरचा नंबर पुस्तिकेशी जुळवा. नाना पेठेतल्या दुकानातून "हाच बसतो हो" म्हणून दिलेला प्लग आट्यांना बसतो, पण उष्णतेच्या हिशोबात बसेलच असं नाही. जास्त गरम प्लगचं टोक लाल होऊन स्वतःच ठिणगीसारखं वागतं. आकडे फसवे असतात. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. कंपनी बदलून "जवळचा नंबर" घेतला की उलटं होतं.

परत बसवताना आधी हातानेच फिरवत न्या, पाना शेवटी. नवा वॉशर असेल तर हाताने घट्ट झाल्यावर साधारण अर्धा फेरा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर शंभर-दीडशेच्या प्लगपायी लेथवाल्याकडे हेड न्यावं लागतं.

हवा कुठून शिरते

प्लग पांढरा असेल तर इथे वेळ घालवा, दोष चालवणाऱ्याचा नसून गाडीचा असेल तर तो माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा इथे सापडतो.

गेल्या उन्हाळ्यात नऱ्ह्याच्या कॉलेजातला एक मुलगा आला. दीडशे सीसीची, तिसऱ्या हाताची गाडी. चार महिने शंभर ऑक्टेन भरत होता. आधी आवाज गेला, मग थोडा आला, आता शंभरवरही यायला लागला होता. "दादा, आता याच्या वर काय मिळतं?" असं विचारत होता. प्लग काढला, खडूसारखा पांढरा. गाडी आयडलिंगला ठेवली आणि कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या रबरावर बाटलीने पाण्याचा फवारा मारला. रेस लगेच खाली-वर झाली. रबर काढून अंगठ्याने वाकवलं, तर खालच्या बाजूला, जिथे वरून दिसत नाही, नखाएवढी लांब चीर. ती चीर इंजिनला जादा हवा पाजत होती. पातळ मिश्रण गरम जळतं आणि गरम झालं की वाजतं. रबर दोनशेच्या आत, मजुरी शंभर. तो महिन्याला तीसेक लिटर जाळत होता. चार महिन्यांचा जादा खर्च त्याने माझ्यासमोरच मोबाईलवर काढला, सहा हजार आला. मग बराच वेळ गाडीकडेच बघत उभा राहिला.

हा पाण्याचा प्रयोग घरी करता येतो. पाणीच वापरा. व्हिडिओत कार्ब क्लीनर मारतात, पण तो पेट घेतो आणि खाली गरम सायलेन्सर असतो. प्लगच्या कॅपवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर गाडी भलत्याच कारणाने अडखळेल.

रबर धड असेल तर बदल काय केलेत ते आठवा. खुला कोन फिल्टर, मोकळा सायलेन्सर, एअर बॉक्सला पाडलेली भोकं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. यातलं काही असेल तर आधी मूळचं परत लावून बघा. खराब, तुंबलेला एअर फिल्टर मात्र सहसा उलटं करतो, मिश्रण जाड होतं. तो बदलावा, पण टणटण जाईल या आशेने नको.

कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करणं हे पुढचं. सवय असेल तर करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेचा प्रेशर किंवा क्लीनर. इंजेक्शनच्या गाडीत इथे थांबा. इंजेक्टर आणि पेट्रोलचा दाब घरी मोजण्याची गोष्ट नाही. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा असेल तर स्कॅनरवाल्याकडे जाऊन कोड वाचून घ्या, अंदाजाने पार्ट बदलत बसू नका.

ठिणगीची वेळ

पॉइंटवाल्या, म्हणजे ठिणगीची वेळ हाताने लावता येणाऱ्या जुन्या बुलेट पुण्यात अजून भरपूर आहेत. त्यांचं कॉम्प्रेशन आठाच्या आत, त्या कमी ऑक्टेनच्या जमान्यातल्या. ती गाडी वाजत असेल तर पेट्रोलकडे बघूसुद्धा नका, कोणीतरी पिकअपसाठी टायमिंग पुढे नेलंय, म्हणजे ठिणगी लवकर पडते. सदाशिव पेठेतले एक काका दर उन्हाळ्यात येतात. टायमिंग मी जागेवर आणतो, दिवाळीपर्यंत ते स्वतः परत पुढे नेतात. "गाडीला जीव राहत नाही रे" म्हणतात. आम्ही दोघंही आता त्यावर वाद घालत नाही.

नव्या गाड्यांत टायमिंग फिरवता येत नाही, पण बाहेरचा "रेसिंग" सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बसवला असेल तर तो हेच काम करतो. मूळचा सीडीआय लावा आणि बघा. मॅग्नेट (इंजिनच्या शाफ्टवरचं चुंबकाचं चाक) जागेवर धरणारी छोटी चावी सरकल्यानेही वेळ बदलते, मात्र मॅग्नेट काढायला पुलर लागतो. हातोडीने काढू नका, सांगितलं नाही म्हणू नका.

कार्बन, आणि इथून पुढे घरचं काम संपलं

वरचं सगळं बरोबर आहे, गाडी तीस-चाळीस हजार किलोमीटर झालीय, आयुष्य धायरी ते स्वारगेट अशा छोट्या फेऱ्यांत गेलंय, तर पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये कार्बनचा थर असणार. तो जागा खातो म्हणून कॉम्प्रेशन वाढतं, आणि त्याचे टोकदार कण तापून लाल राहतात, ते वेळेआधी मिश्रण पेटवतात. चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार ठोके मारत राहिलं, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत ही पक्की खूण.

एकदा साताऱ्यापर्यंत मोकळ्या रस्त्यावर, खंबाटकी घाटात खालच्या गिअरला, रेस वर ठेवून गाडी नेऊन आणा. हलका थर जळून जातो. टाकीत घालायचं क्लीनर थोडं काम करतं, मुख्यतः व्हॉल्व्हवर. चालू इंजिनला कार्ब्युरेटरमधून पाणी पाजायचे व्हिडिओ आहेत, त्या नादाला लागू नका. पाणी जास्त गेलं तर रॉड वाकतो.

जाड थर हेड उतरवूनच निघतो. हेड उतरवलं की गॅस्केट नवं, टायमिंग चेनच्या खुणा जुळवायच्या, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने. हे पहिल्यांदा पार्किंगमध्ये करून बघायचं काम नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर त्याच्या कितीतरी आधी, प्लगनंतरच, सर्व्हिस सेंटर.

एकाच प्रकारात मी स्वतः गिऱ्हाइकाला जास्त ऑक्टेन कायमचं भरायला सांगतो. कोणीतरी आधी हेड घासून पातळ केलंय, किंवा इंजिनच्या कामात उंच डोक्याचा पिस्टन बसवलाय. कॉम्प्रेशन खरंच वाढलंय आणि परत उलगडायला पैसे नाहीत. तेव्हा ९५ किंवा शंभर हा नाइलाज असतो.

याशिवाय कधी थांबायचं: सपाटीला, हलक्या मुठीलाही आवाज येतोय. निळा धूर आहे. तापमानाचा दिवा लागतोय. किक पूर्वीपेक्षा हलकी लागतेय, म्हणजे कॉम्प्रेशन गेलंय. यातलं एक जरी असेल तरी घरचे प्रयोग बंद.

मेकॅनिककडे याल तेव्हा "आवाज येतो" एवढंच सांगू नका. कुठल्या घाटात, कितव्या गिअरला, किती वेगाला, मागे कोणी होतं का, इंजिन किती वेळ चाललेलं, हे कागदावर लिहून आणा. काढलेला जुना प्लग पुसू नका, तसाच कागदात गुंडाळून आणा. आणि येताना टाकीत साधंच पेट्रोल असू द्या. शंभर भरून आणलीत तर माझ्यासमोर ती वाजणारच नाही, आणि मी तुम्हाला परत पाठवीन.